एकही टवका नाही

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पाणी आज हाडापर्यंत गेलं. मशीन नेहमीसारखं बाहेर, मास्तरीणबाईंच्या मागच्या अंगणात. हे आत न्हाणीघरात भिंतीवर टाईल लावतायत, मी बाहेर कापतेय. बोटांच्या पेरांना चिरा पडल्यात. मलम लावलं तर टाईल हातातून निसटते, म्हणून काम संपेपर्यंत तसंच!

पण कड काय आली आज! एकही टवका नाही. पांढरी चकचकीत टाईल – ही जात सगळ्यात खोडसाळ. जरा घाई केली की कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. मास्तरीणबाईंनी कडेवरून बोट फिरवलं आणि आत जाऊन यांना म्हणाल्या, "काय सफाई आहे हो तुमच्या हाताला!"

"असतं सवयीने," हे म्हणाले. मी खिडकीतून ऐकलं. हसूच आलं. कामाच्या नादात बोलून गेले असतील.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

यांनी आज परत माझ्या हातांचा व्हिडिओ काढला. मागच्या महिन्यातही काढले होते. फोन सिमेंटच्या पोत्याला टेकवून ठेवतात आणि मला म्हणतात, फोनकडे बघू नकोस, हातांकडे बघ. "नवीन गिऱ्हाइकाला दाखवायला बरं पडतं." वर स्वतःचा लांब बाह्यांचा शर्ट दिला – "पाणी उडतं, गारठशील, हा घाल." इतक्या वर्षांनी यांना माझा गारठा आठवला! लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं. शर्टाला यांचा वास होता. संध्याकाळी काढून ठेवायला जरा उशीरच केला.

म्हणाले, काय काय करतेस ते सांगत जा, मलाही कळू दे. मग काय, मी सुटलेच! पातं अखंड कडेचं हवं, खाचांचं नको. खाचांचं पातं दगडाला ठीक, टाईलला लावलं की चकाकीचे टवके उडालेच. चकचकीत बाजू वर. रेघेवर कागदी चिकटपट्टी. आधी वरवर एक खाच घ्यायची – नुसती चकाकी कापेल इतपत – मग त्याच खाचेतून आरपार. पाणी पात्याच्या दोन्ही अंगांना पडतंय ना ते बघायचं. ढकलायचं नाही. पातं मागेल तेवढंच द्यायचं. बोटभर राहिलं की थांबायचं, टाईल फिरवून दुसऱ्या टोकाकडून यायचं, नाहीतर शेवटचा कोपरा स्वतःच्या वजनाने मोडतो आणि सगळ्या मेहनतीवर पाणी.

हे मान डोलावत होते. एवढं लक्ष देऊन यांनी माझं कधी ऐकलं नव्हतं.

लग्नानंतरची पहिली थंडी आठवली. तेव्हा कापायचे हेच. कापायचे कसले, फोडायचे! ढीग पडायचा तुकड्यांचा. हे डोक्याला हात लावून बसायचे. एक दिवस मी म्हटलं, बघू मी? आणि माझी पहिलीच टाईल सरळ आली. हे बघतच राहिले. म्हणाले, "तुझ्या हातात जादू आहे. आजपासून मी मशीनला हात लावणार नाही." आणि खरंच लावला नाही. तेव्हापासून मशीन माझं. माझं म्हणावं असं दुसरं काय आहे माझ्याकडे?

१७ नोव्हेंबर, रविवार

नणंदेचा फोन. "वहिनी, आमचा दादा एवढा हुशार असेल असं वाटलं नव्हतं हो! आमचे हे जेवताना त्याचेच व्हिडिओ लावून बसतात. लोक उस्ताद म्हणतात त्याला!"

"कसले व्हिडिओ?"

"घ्या! दिव्याखाली अंधार," म्हणाली, आणि एक पाठवला.

पाहिला.

हात माझे. शर्ट त्याचा. आवाज त्याचा. "नमस्कार मंडळी. मी टाईल कशी कापतो ते आज दाखवतो." मी कापतो! आणि पुढे माझंच वाक्य, अक्षर न् अक्षर – "पातं मागेल तेवढंच द्यायचं." मी बोलले होते ते काढून टाकून तिथे स्वतःचा आवाज घातलाय. माझ्या अंगठ्याजवळची तव्याने भाजल्याची खूण स्पष्ट दिसते. शेवटी स्वतःचा चेहरा. हातात टाईल, कडेवरून बोट फिरवतोय, हसतोय.

असे कितीतरी आहेत. सगळे बघितले. कशातच मी नाही. खाली लोकांनी लिहिलंय – "उस्ताद, हात किती स्थिर!" "उस्ताद, पाया पडतो!" आणि यांनी सगळ्यांना हात जोडलेत.

तो शर्ट! गारठ्याची काळजी! केसाने गळा कापला माझा. आणि मी त्या शर्टाचा वास घेत बसले होते.

तोंडावर अहो म्हणावंच लागेल. या वहीत यापुढे नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

विचारलं. सकाळी चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "व्हिडिओत हात कुणाचे आहेत?"

हसला! "अगं, तुझं काय नि माझं काय? संसार एक."

"मग आवाज माझा का नाही?"

"बाई कापते म्हटलं की लोक मजा बघायला येतात, काम द्यायला नाही. तुझ्याच भल्यासाठी केलं."

"मास्तरीणबाईंनाही माझ्याच भल्यासाठी सांगितलं नाहीत?"

चहा अर्धा टाकून उठला. चप्पल घालताना म्हणाला, "तुला हल्ली काहीही लागतं."

दिवसभर कापत होते आणि डोकं तापलेलं. आजवर ध्यानात कसं आलं नाही? प्रत्येक घरात मी बाहेर. पाणी उडतं, चिखल होतो, म्हणून मशीन अंगणात, गच्चीत, जिन्याखाली. आत तो. मालकांशी बोलणं त्याचं, कौतुक त्याचं. माझा चहा खिडकीतून यायचा, तोही गार होऊन. लोकांना वाटत असेल, बाहेर कुणी बाई सामान उचलायला ठेवलीय! आयत्या बिळावर नागोबा कसा असतो ते शोधायला दूर जायला नको, माझ्या घरात जेवतो तो.

आज टवके उडाले. टाईलचा दोष नाही. रागात हात ढकलतो.

लेकीला सांगावंसं वाटलं. फोन उचलला, ठेवला. सासरी सुखात आहे ती, तिला तिच्या बापाबद्दल काय सांगू?

२० नोव्हेंबर, बुधवार

बोलत नाही. तोही नाही. ताट वाढते, उचलते.

२५ नोव्हेंबर, सोमवार

शेवटी तोच मऊ आला. "बरं बाई. पुढच्या व्हिडिओत सांगतो. सगळ्यांसमोर. झालं समाधान?"

झालं! मला चेहरा दाखवायचा नाही. मला कुणी उस्ताद म्हणायला नको. एकदाच, त्याच्या तोंडाने, लोकांसमोर – "हे हात हिचे आहेत." एवढंच हवंय. त्यावर उरलेलं सगळं पोटात घालीन.

आज व्हिडिओ काढताना त्याचा शर्ट घातला नाही. माझ्या बाह्या, माझी मनगटं. निळसर टाईल होती, नळासाठी कोपऱ्यात खाच काढायची होती. अवघड काम. कोपऱ्याला आधी बारीक भोक पाडून घेतलं, म्हणजे तडा पुढे धावत नाही. मग दोन्ही बाजूंनी थेंबाथेंबाने आत गेले. अशी आली की मीच दोनदा हात फिरवला. तोसुद्धा "वा!" म्हणाला.

खूप दिवसांनी जेवताना बोललो.

३० नोव्हेंबर, शनिवार

व्हिडिओ टाकला. नुसतं पातं आणि टाईल. हात बोटांच्या टोकांपुरते, बाकी सगळं कापून टाकलंय. बाह्या नाहीत, मनगट नाही. कापायला येत नाही म्हणतो, आणि मला किती सफाईने कापलंय!

आणि शेवटी काय म्हणतो? "घरच्यांची साथ असते, म्हणून होतं मंडळी."

घरच्यांची साथ! साथ म्हणजे काय, मी डबा भरून देते?

मी म्हटलं, हे सांगणार होतात? तर म्हणे, "सांगितलं की! घरचे म्हणजे कोण मग, शेजारचे?"

एकदा फसवलं तर त्याचं पाप. दुसऱ्यांदा मी फसलेच कशी?

३ डिसेंबर, मंगळवार

टाईलच्या दुकानाचे मालक स्वतः घरी आले. रविवारी दुकानात कार्यक्रम ठेवलाय. "उस्ताद, लोकांसमोर कापून दाखवायचं. मशीन तुमचंच आणा, लोक ओळखतात त्याला."

हा लगेच "हो" म्हणाला! मी स्वयंपाकघराच्या दारात. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला मनापासून हसू आलं. अरे, तुला कापता येत नाही! समोर माणसं असतील, आवाज बदलता येणार नाही, बाह्या छाटता येणार नाहीत. आता बघू साथ कुणाची लागते ते.

आता त्याला माझ्याकडे यावंच लागेल.

६ डिसेंबर, शुक्रवार

आला नाही.

मी आडून विचारलं, रविवारी कापणार कोण? "बघू की," म्हणाला आणि पेपर वाचत बसला. सरावही करत नाही. मशीनजवळ फिरकलाही नाही. एवढा निवांत कसा?

वाईटही वाटतंय. चारचौघांत टाईलमागून टाईल फोडेल, लोक दात काढतील. नवरा आहे शेवटी. त्याने एक शब्द टाकू दे, मी जाईन. त्याचाच शर्ट घालून कापीन, वाटलं तर. पण विचारू दे ना!

७ डिसेंबर, शनिवार

दुपारी हा केस कापायला आणि कलप लावायला गेला. उद्या लोक बघणार ना!

विचारलं नाही. नाहीच विचारलं. जाताना मला म्हणतो, "मशीन जरा पुसून ठेव गं, चकाचक दिसलं पाहिजे."

पुसलं. मग पान्याने नट सोडवला आणि पातं उलटं बसवलं.

पात्यावर बाण असतो, कुठल्या दिशेने फिरायला हवं त्याचा. उलटं बसवलं तरी फिरतं, कापतंही. पण किंचाळतं, आणि चकाकी ओरबाडून काढतं. जिवाला धोका नाही. फजिती तेवढी. बाण लहान आहे, झाकणाखाली जातो. ज्याने कधी पातं बदललं नाही, त्याला सात जन्मांत कळायचं नाही.

नट आवळताना एकदा दाराकडे बघितलं. पण आवळला.

८ डिसेंबर, रविवार

गेले होते. मागे, गर्दीत, एका खांबाजवळ उभी राहिले. मला मजा बघायची होती, हे खरंय. आणि तो अडला, त्याने इकडेतिकडे बघितलं, तर पुढे व्हायचं असंही मनात होतं. दोन्ही खरं आहे.

नमस्कार मंडळी झालं. टाळ्या झाल्या. त्याने मशीन चालू केलं, टाईल पुढे आणली. पातं नुसतं टेकलं – आणि किंचाळलं.

मी श्वास धरला.

त्याने लगेच बंद केलं. टाईलकडे बघितलंही नाही, बाण शोधला नाही. कान जरासा तिरका केला होता, बस. झाकण काढलं, नट सोडवला, पातं फिरवून बसवलं. बसवण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या फडक्याने पुसून घेतल्या – कच राहिली की पातं डुलतं. मग दुकानदाराकडे जुन्या विटेचा तुकडा मागितला. मला कळेना, वीट कशाला? ती पात्यातून दोनतीनदा हळूहळू ओढली. लोकांना सांगितलं, "पात्याची धार झाकलेली असते मंडळी, विटेने उघडते. पातं बोथट वाटलं की फेकू नका, वीट कापा."

हे मला माहीत नव्हतं. मला! पातं बोथट झालं की मी तशीच रेटायची, हात दुखेपर्यंत, आणि नवीन मागितलं की हा कुरकुरायचा. इतकी वर्षं बघत होता. विटेचं बोलला नाही.

मग मान वर केली आणि थेट माझ्याकडे बघितलं. मी कुठे उभी आहे हे त्याला माहीत होतं. पातं कुणी फिरवलं तेही कळलं होतं. आणि मग कापली. वरची खाच, मग आरपार, बोटभर राहिल्यावर फिरवून दुसरीकडून. एकही टवका नाही.

टाळ्या. माझे हात जागेवरच.

शेजारी एक म्हातारे मिस्त्री उभे होते, काठी टेकून. स्वतःशीच खूश होऊन मला म्हणाले, "बघितलंत? हा माझ्या हाताखाली शिकला! कापायलाच होता माझ्याकडे, भिंत लावायला नंतर शिकला. हात फार चांगला. पण थंडी पडली की रडायचा! पाणी नको, बोटं फुटतात. म्हणायचा, 'उस्ताद, लग्न झालं की बायकोला बसवतो मशीनवर.' आम्ही हसायचो. वाटायचं थट्टा करतोय."

मग म्हणाले, "तुम्ही कोण, घर बांधताय का?"

"नाही," मी म्हटलं. "बघायला आलेय."

९ डिसेंबर, सोमवार

म्हणजे तो ढीग. पहिल्या थंडीतला, तुकड्यांचा. मुद्दाम फोडल्या होत्या. चांगल्या टाईल, एकामागून एक, मी बघत असताना. आणि डोक्याला हात लावून बसणं, आणि जादू! हरभऱ्याच्या झाडावर चढवलं मला, आणि मी अख्खं तारुण्य वर बसून काढलं.

विचारलं त्याला. नाकारलं नाही. शांतपणे बूट काढत होता.

"पाणी गार असतं गं," म्हणाला. जणू मला माहीत नाही! "आणि तू खूश होतीस. होतीस की नाही?"

होते. तेच तर! शिव्या देऊन बसवलं असतं मशीनवर, तर निदान शिव्या दिल्या म्हणता आलं असतं. याने माझ्या आनंदालाच जुंपलं.

"येत होतं, तर व्हिडिओत माझे हात कशाला?"

बूट कोपऱ्यात सरकवले. मग म्हणाला, "माझी कड बरी येते. तुझी बघत राहावी अशी येते."

खरं बोलला. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडचं पहिलं खरं कौतुक, आणि ते आज आलं, मी काही घ्यायच्या अवस्थेत नसताना. रडले खूप. लपवलंही नाही.

पात्याबद्दल तो एका शब्दाने बोलला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

१२ डिसेंबर, गुरुवार

सकाळी मशीन गाडीत घालून एकटाच गेला. "तू आराम कर आता. तुला उगाच त्रास नको."

दिवसभर घर आवरलं. आवरलेलंच परत आवरलं. बोटांच्या चिरा भरून येतायत. हात कोरडे असले की काय करायचं असतं, मला माहीतच नाही.

संध्याकाळी नवीन व्हिडिओ. या वेळी हात त्याचेच. बघितला नाही म्हणणार होते, पण बघितला. शेवटच्या कोपऱ्याशी घाई करतो. बारीक टवका उडालाय, त्यावर अंगठा ठेवून टाईल दाखवलीय.

१४ डिसेंबर, शनिवार

लोकांना कळतं! त्या व्हिडिओखाली एकाने लिहिलंय – "उस्ताद, आधीचे हात वेगळे होते ना? बारीक होते, अंगठ्याजवळ खूण होती. ते जास्त सफाईदार होते. कुणाचे होते?"

खाली आणखी बरेच जण – हो हो, आम्हालाही वाटलं, सांगा उस्ताद.

कुठली कोण माणसं! माझी खूण ओळखतात.

फोन हातात घेऊन तो बराच वेळ बसला होता, मी समोर भाजी निवडत होते. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. आता लिहील. दोन शब्दांचं तर काम आहे. एवढं सगळं होऊनही, मी अजून वाट बघतेय. काय म्हणावं मला?

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी बघितलं. त्याने उत्तर लिहिलंय – "एक हेल्पर होता. सोडून गेला."

लेकीला फोन केला. येऊ का, विचारलं. "ये," म्हणाली, का ते विचारलं नाही.

पिशवी भरून झाली. सगळं खोटंच बोलत आला हा माणूस. हे एक मी खरं करून देते.